जग संपल्यानंतरचा मंगळवार: डिस्टोपियन गोष्टी वाचायच्या कशा आणि लिहायच्या कशा

डिस्टोपियन आणि पोस्ट-अपोकॅलिप्टिक हे दोन शब्द लोक एका दमात म्हणून टाकतात, दुकानांच्या साईटवरही एकाच कप्प्यात असतात, पण वाचताना दोन्ही वेगळे ठेवले तर मजा दुप्पट होते. ओळखायची माझी सोपी ट्रिक अशी, की गोष्टीतल्या माणसाला तक्रार करायची असेल तर तो जाणार कुठे? ऑफिस असेल, खिडकी असेल, फॉर्म असेल, खिडकीमागचा माणूस अगदी नम्रपणे 'तुमची तक्रार नोंदवली' म्हणत असेल आणि तरी तुमच्या पोटात गोळा येत असेल तर ती डिस्टोपिया. ऑफिसचं छप्परच पडलंय आणि आत झाड उगवलंय, तर ती पोस्ट-अपोकॅलिप्टिक. एकात यंत्रणा जरा जास्तच नीट चालते, दुसऱ्यात यंत्रणाच उरलेली नसते. दोन्हींची सरमिसळ करणारी पुस्तकं भरपूर आहेत, पण कुठली भीती चाललीय हे कळलं की आपण नीट वाचतो.

सुरुवात कुठून करायची. बरेच जण थेट जॉर्ज ऑरवेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' उचलतात, मधल्या त्या लांबलचक पुस्तकातल्या पुस्तकापाशी अडकतात आणि 'हे आपल्याला झेपत नाही' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. आधी छोटं काहीतरी घ्या. ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही लांब कथा आहे, एका बैठकीत होते, जमिनीखाली प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा राहतो, सगळं बोलणं यंत्रातून, आणि मुलगा आईला म्हणतो की मला तू समोर हवीयेस, यंत्रातून नको. ही १९०९ सालची गोष्ट आहे हे कळल्यावर एकदा परत पहिल्यापासून वाचावीशी वाटते. त्यानंतर 'फॅरनहाइट ४५१' (१९५३), तेही लहानच आहे. मारामारी, बंदुका आवडत नसतील तर काझुओ इशिगुरोचं 'नेव्हर लेट मी गो' (२००५) घ्या, तिथे कोणीही बंदूक घेऊन मागे लागत नाही, आणि तेच अंगावर येतं. पडझडीनंतरच्या गोष्टींत 'स्टेशन इलेव्हन' (२०१४) पहिल्यांदा वाचायला मस्त, कारण त्यात फ्लूने बहुतेक जग संपल्यावर वीस वर्षांनी एक मंडळी गावोगाव फिरून शेक्सपिअरची नाटकं करते, म्हणजे उरलेली माणसं फक्त एकमेकांना मारत बसलेली नाहीत. 'द रोड' (२००६) अजिबात पहिलं घेऊ नका. बाप आणि मुलगा, दोघांना नावं नाहीत, जग कशाने जळलं ते सांगितलेलंच नाही, आणि पानापानावर राख. पुस्तक जबरदस्त आहे पण त्याची वेळ यावी लागते.

आणि एक, अशी तीन पुस्तकं पाठोपाठ वाचायची नाहीत. शौर्य दाखवण्यासारखं त्यात काही नाही, तिसऱ्या पुस्तकापर्यंत मन बधिर होतं आणि लेखकाने जीव तोडून लिहिलेलं पान आपण 'हं, अजून एक प्रेत' म्हणून उलटतो. मध्ये काहीतरी हलकंफुलकं घाला. झोपताना वाचायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

आता वाचताना बघायचं काय. लोक विचारतात, इतकं उदास वाचून आनंद कसला मिळतो? माझ्या मते आनंद हेरगिरीचा आहे. लेखकाने एक जग आधीच बांधून ठेवलंय, आपल्याला मधूनच आत सोडलंय, आणि इथे नियम काय आहे, कोणाच्या सोयीचा आहे, आणि लोक त्यातून पळवाट कशी काढतात हे आपण तुकड्यातुकड्यांतून शोधायचं. मी वाचताना मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने हेच तीन शब्द लिहून ठेवते: नियम, फायदा, पळवाट. ज्या पुस्तकात तिन्ही रकाने भरत जातात ते पुस्तक टिकतं. ज्यात फक्त 'नियम' भरतो आणि फायदा कोणाला ते शेवटपर्यंत कळत नाही, तिथे लेखकाला नुसतं क्रूर काहीतरी दाखवायचं होतं.

ऑरवेलचं उदाहरण बघा ना. सगळ्यांना 'बिग ब्रदर', म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवणारा तो मोठा भाऊ, आणि त्याचे पोस्टर आठवतात. मला चॉकलेट आठवतं. रेशनचं चॉकलेट तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर आणतात, आणि दुसऱ्याच दिवशी बातमी येते की आठवड्याला वीस ग्रॅम 'वाढवून दिल्याबद्दल' लोकांनी आभाराचे मोर्चे काढले. काल कमी केलं, आज वाढवलं, आकडा तोच, आणि आजूबाजूची माणसं ते खरोखर गिळतात. छळाच्या खोलीपेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटतं, कारण छळाची खोली आपल्याला दिसत तरी असते. त्याच पुस्तकात दाढीची ब्लेड मिळत नाहीत म्हणून लोक एकमेकांकडे चोरून मागतात. सत्ता एवढी अफाट, भिंतीभिंतीतून बघणारी, आणि तिला साधी ब्लेड पुरवता येत नाहीत. असल्या बारक्या गोष्टी गोळा करत वाचलं की पुस्तक उदास राहत नाही, चक्क मजेशीर होतं, थोडं काळ्या विनोदाच्या अंगाने.

'फॅरनहाइट ४५१' बद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की सरकारने पुस्तकं बंद केली आणि लोक बिचारे रडत बसले. नीट वाचा. पुस्तकं जाळणाऱ्या खात्याचा कॅप्टन स्वतःच सांगतो की सुरुवात वरून झालीच नव्हती, लोकांनीच हळूहळू वाचणं सोडलं, सगळं छोटं, सोपं, कोणाला न दुखावणारं हवं झालं, आणि मग जाळणारे आले. म्हणजे 'फायदा' या रकान्यात सगळ्यांचंच थोडं थोडं नाव येतं.

शेवटची पानं तर वगळूच नका! 'नाइन्टीन एटी-फोर'ला न्यूस्पीकवरचं, म्हणजे त्या राजवटीने बनवलेल्या भाषेवरचं, एक परिशिष्ट आहे, दिसायला व्याकरणाच्या पुस्तकासारखं, म्हणून लोक ते उडवतात. पण ते भूतकाळात लिहिलंय, आणि साध्या इंग्रजीत. म्हणजे ती राजवट नंतर कधीतरी संपली असेल का? यावर वाचक अजून भांडतात. मार्गारेट अॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) मध्येही शेवटी एकदम २१९५ सालची अभ्यासकांची परिषद येते, प्राध्यापक लोक गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या आयुष्यावर भाषण देतायत, मध्येच विनोद करतायत, श्रोते हसतायत. आपण तीनशे पानं तिच्याबरोबर श्वास रोखून काढलेली असतात आणि हे हसतायत. तो राग लेखिकेला हवाच होता असं मला वाटतं.

एकाच्या पाठीवर दुसरं कसं उभं राहतं तेही बघण्यासारखं आहे. झाम्यातिनची 'वी' ही रशियन कादंबरी १९२४ मध्ये आधी इंग्रजीत छापून आली, तिच्या स्वतःच्या देशात यायला १९८८ उजाडलं. त्यात माणसांना नावांऐवजी नंबर, घरं काचेची. ऑरवेलने १९४६ मध्ये तिच्यावर लिहिलं आणि तीन वर्षांनी त्याचं स्वतःचं पुस्तक आलं. दोन्ही लागोपाठ नको, पण वर्षभराच्या अंतराने वाचून बघा, कोणी काय उचललं आणि काय बदललं हे शोधणं हा लिहायला शिकण्याचा फुकटचा क्लास आहे.

तर आता लिहिण्याकडे येऊ, कारण ही पुस्तकं वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात स्वतःची एक गोष्ट शिजत असतेच.

पहिली गोष्ट, भविष्य सांगायला जाऊ नका. मेरी शेलीने १८२६ मध्ये 'द लास्ट मॅन' लिहिलं, त्यात एकविसाव्या शतकाच्या शेवटी साथीने माणसं संपतात, आणि तोवरही लोक घोड्यावरून फिरतायत. काही बिघडलं नाही. उलट ऑक्टेव्हिया बटलरचं 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ मध्ये आलं आणि २०२४ पासून सुरू होतं, आणि लोक अजून तारखा जुळवून बघतात, पण तिने तरी काय केलं, आजूबाजूला जे दिसत होतं तेच थोडं पुढे ओढलं. अॅटवुडने स्वतःला एक अट घालून घेतली होती, की माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे, कधी ना कधी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. नवशिक्यांनी ही अट डोळे झाकून घ्यावी. कल्पनाशक्ती दमली की इतिहास वाचा, साहित्य संपणार नाही याची गॅरंटी.

डिस्टोपिया लिहायची असेल तर एकच नियम निवडा. एकच. महासत्ता, चिप, नकली पाऊस, नंबर लावलेली मुलं, उडते पोलीस असं सगळं एका कथेत कोंबायचं नाही. आणि तो नियम कोणीतरी चांगल्या हेतूने केलेला असू दे.

करूनच दाखवते. समजा नियम असा: घराच्या कुठल्याही दाराला आतून कडी लावता येणार नाही. का? कारण काही वर्षांपूर्वी मोठी आग लागली होती आणि आतून कड्या लावलेल्या असल्यामुळे माणसं बाहेर पडू शकली नाहीत. म्हणजे कारण खरं आहे, दुःख खरं आहे. आता यातून काय काय होईल ते नुसतं खाली उतरवत जा. लोक दाराला खुर्ची टेकवतील, मग दारापासून किती अंतरावर फर्निचर ठेवायचं याचा पोटनियम येईल. आत शिरण्याआधी खाकरायची रीत पडेल, आणि न खाकरता येणारा माणूस म्हणजे एक तर उद्धट नाहीतर सरकारी. आजारपणाचं सर्टिफिकेट दाखवून कडीचा परवाना मिळेल, मग सर्टिफिकेट विकणारे डॉक्टर येतील. चोरून कड्या बसवणारा सुतार असेल. दहा वर्षांच्या मुलीला कडी म्हणजे काय ते माहीतच नसेल, जुन्या फोटोत दारावर दिसली तर ती विचारेल, हा दागिना आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं पात्र म्हणजे ती बाई, जिचा भाऊ त्या आगीत गेला. तिला हा नियम मनापासून पटलेला आहे. ती दुष्ट नाही, ती तपासनीस आहे. ती घराघरांत जाते, चपला बाहेर काढते, पाणी नको म्हणते, आणि चौकटीवरून अंगठा फिरवते, कारण स्क्रूची भोकं मेणाने बुजवली तर डोळ्याला दिसत नाहीत पण अंगठ्याला लागतात.

तो अंगठा सापडला की कथा सापडली. आधीची सगळी यादी तुमच्यासाठी होती, वाचकाला त्यातलं पाव हिस्सासुद्धा सांगायचं नाही. 'महाआगीनंतर सर्वोच्च मंडळाने…' अशी सुरुवात केलीत की वाचक गेलाच समजा. अंगठ्यापासून सुरू करा, आग पाचव्या पानावर कोणाच्या तरी तोंडून अर्धवट येऊ दे.

सरकारी भाषा ही मराठी लिहिणाऱ्याला आयती मिळालेली देणगी आहे, ती वापरा. 'असे निदर्शनास आले आहे की काही रहिवासी दारास अडथळा निर्माण करीत आहेत. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.' यात कर्ता कुठेच नाही! कोणाच्या निदर्शनास आलं, कोण कारवाई करणार, कोणालाच पकडता येत नाही. अशी चार ओळींची नोटीस कथेत मध्येच चिकटवली तर दोन पानांचं वर्णन टळतं. खात्याला मात्र 'परमसत्य महामंडळ' छापाची नावं देऊ नका. खऱ्या आयुष्यात भयंकर कामं करणाऱ्या खात्यांची नावं कंटाळवाणी असतात. 'गृहसुरक्षा कक्ष, विभाग दोन' बास झालं.

पडझडीनंतरचं जग लिहायचं असेल तर गृहपाठ वेगळा. तिथे प्रश्न असा, की आधी काय बंद पडतं आणि त्यामागोमाग काय? वीज फारशी साठवून ठेवलेली नसते, जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, त्यामुळे माणसं कामावर आली नाहीत की ग्रिड फार काळ तग धरत नाही. वीज गेली की पंप गेले, पंप गेले की टाकीत उरलं तेवढंच पाणी. पाणी गेल्यावर उंच इमारतींत राहणं अवघड, म्हणजे माणसं खाली उतरणार, नदीकडे जाणार, आणि तिथे आधीच कोणीतरी असणार. बघा, अजून एकही झॉम्बी आला नाही आणि गोष्ट सुरू झाली.

पेट्रोल हा तर या प्रकारातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. वीस वर्षं झाली जग संपून आणि नायक गाडी पळवतोय. पेट्रोल तसं टिकत नाही, काही महिन्यांत खराब व्हायला लागतं, डिझेल जरा जास्त तग धरतं, पण दोन दशकं नाही. 'स्टेशन इलेव्हन'मध्ये हे लक्षात ठेवलंय, तिथे ट्रकचे सांगाडे घोडे ओढतात, आणि ते दृश्य दहा स्फोटांपेक्षा जास्त सांगून जातं. औषधांचंही तसंच. इन्सुलिन फ्रिजबाहेर साधारण महिनाभरच भरवशाचं असतं. म्हणजे तुमच्या टोळीत एक डायबेटिक मुलगा असेल तर तुमच्या कथेला आपोआप तारीख मिळाली, टाईम बॉम्ब वगैरे काही लावायची गरज नाही. चष्मा फुटलेला माणूस, दाढ दुखणारा माणूस, बाळंतीण. हायब्रिड बियाणं पेरून आलेल्या पिकाचं बी परत पेरलं तर पीक तसंच येत नाही, हे ज्या म्हाताऱ्याला माहिती आहे तो गावातला सगळ्यात ताकदवान माणूस. तलवारवाल्यापेक्षा.

खरी उदाहरणं शोधायची तर चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राच्या अपघाताबद्दल वाचा. २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं, जवळपास ४९ हजार माणसं, आणि त्यांना सांगितलं होतं की साधारण तीन दिवसांसाठी जायचंय. आता यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसा. तीन दिवसांसाठी माणूस काय घेतो आणि काय घेत नाही? फोटोचा अल्बम कोण घेईल तीन दिवसांसाठी? मांजराला किती दिवसांचं खाणं ठेवाल? या एका आकड्यातून निदान चार कथा निघतात. आणि आजचं प्रिप्यात राखेसारखं करडं नाहीये, हिरवंगार आहे, इमारतींच्या मधून झाडं, लांडगे, हरणं. त्यामुळे तुमचं उद्ध्वस्त जगही दरवेळी करडं असलंच पाहिजे असं नाही. माणसं नसल्यावर सगळं सुंदर दिसायला लागलं तर जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्याच दिवशी सगळे एकमेकांच्या जिवावर उठले, हे दाखवणं मला आळशीपणाचं वाटतं. आपत्तींचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षं सांगतायत की संकटात बहुतेक लोक एकमेकांना मदत करतात, अनोळखी माणसांनासुद्धा. मग संघर्ष कुठून आणायचा? मदतीतूनच. दहा जणांचं धान्य आहे आणि अकरावा दारात आलाय, सगळे चांगले आहेत, कोणालाच नाही म्हणायचं नाहीये. हे लिहायला लेदर जॅकेट घातलेल्या टोळीपेक्षा दसपट अवघड, आणि वाचायला दसपट भारी.

मग येते दुसरी पिढी, जी बहुतेक नवे लेखक विसरतात. १९४९ मधल्या 'अर्थ अबाइड्स' या कादंबरीत नायकाला वाटतं पोरांना शिकवू, पुस्तकं वाचायला लावू, अख्खी लायब्ररी जपून ठेवलीय. पोरांना त्यात काडीचा रस नाही. शेवटी तो त्यांना धनुष्यबाण करायला शिकवतो. ज्यांनी जुनं जग पाहिलंच नाही त्यांना त्याची आठवण कशी येणार? आजोबा रडतायत आणि नातू विचारतोय की 'डाउनलोड' म्हणजे कुठलं गाव. या दोघांना एका खोलीत बसवा आणि लिहायला लागा.

लांबीचं म्हणाल तर कादंबरीपासून सुरुवात नको. हजार-दीड हजार शब्दांत एक दिवस लिहा, आणि तो दिवस क्रांतीचा नको, पहिल्या स्फोटाचा नको, साधा मंगळवार असू दे. उठणं, खाणं, रांग, काम, कोणाशी तरी कुजबुज, झोप. त्या दिवशी नियम फक्त एकदाच आडवा येऊ दे. नायकाने राजवट पाडलीच पाहिजे असंही काही नाही, कडी लपवून ठेवली एवढं चालेल. किंवा नायिकेने स्वतःच जाऊन शेजारणीची कडी दाखवून दिली, तर मग बघायलाच नको.

खलनायक बोलताना स्वतःची योजना समजावून सांगत असेल तर तो परिच्छेद उडवा. 'आठवतं ना, तीस साली काय झालं होतं' असं दोन माणसं एकमेकांना आधीच माहीत असलेलं सांगत असतील तर तोही उडवा.

लिहून झालं की कोणाला तरी वाचायला द्या, पण 'कशी वाटली' असं विचारू नका, लोक छान म्हणतात आणि विषय संपतो. असं विचारा, की तू या जगात राहत असतास तर नियम कसा चुकवला असतास? समोरचा लगेच सांगायला लागला की मी असं केलं असतं, दाराखाली पाचर मारली असती, कुत्रा पाळला असता, तर तुमचं जग उभं राहिलंय, आता फक्त वाक्यं घासा. तो गप्प बसला किंवा म्हणाला की पण हे सगळं कधी घडतं, कुठे घडतं, तर परत त्या नियमाकडे जा, आणि त्याने सांगितलेली पळवाट भारी असेल तर सरळ विचारून कथेत घेऊन टाका.